'एम.एल.आय.' कोरलेला सहा पदकांचा संच: हा जवान कोण, ते कसं शोधायचं?

पितळी_बक्कल

जुन्या बाजारातून आलेला सहा पदकांचा एक संच संग्रहात आहे. सगळी पदकं एकाच पट्टीवर टाचलेली, रिबनी जुन्या. क्रम असा: १९३९-४५ स्टार, बर्मा स्टार, डिफेन्स मेडल, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल आणि शेवटी 'एस. ई. एशिया १९४५-४६' क्लास्प (रिबनीवरची मोहिमेच्या नावाची धातूची पट्टी) असलेलं जनरल सर्व्हिस मेडल.

दोन्ही स्टारच्या पाठीवर आणि बाकीच्यांच्या कडेवर इंग्रजीत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पुढे 'एम.एल.आय.' (मराठा लाइट इन्फंट्री) एवढंच आहे. बटालियनचा आकडा नाही, गाव नाही. स्टारवर हुद्दा नाईक, जनरल सर्व्हिस मेडलवर हवालदार. वॉर मेडलवरच्या क्रमांकात एक आकडा इतरांपेक्षा वेगळा दिसतो. डिफेन्स मेडल पूर्ण कोरं आहे.

विचारायचं हे: संच एकाच माणसाचा आहे हे कशावरून ठरवायचं? मराठा लाइट इन्फंट्रीची कुठली पलटण, हे पदकांवरून कळेल का? आणि कागदपत्रं कुठे, कोणाकडे, काय शब्दांत मागायची?

नाव आणि क्रमांक मुद्दाम इथे देत नाही. घरची माणसं असतील तर त्यांना आधी कळावं, जगाला नंतर.

कडवाचक

नाव न टाकण्याचा निर्णय योग्य आहे, तो शेवटपर्यंत पाळा.

आधी वाचन पक्कं करा. एका आकड्याने चुकलेला क्रमांक घेऊन पत्रव्यवहार सुरू केला की सहा महिन्यांनी 'नोंद आढळत नाही' असं उत्तर येतं आणि खरा माणूस तिथेच राहून जातो. खोली अंधारी करून कडेवर अगदी तिरपा, जवळजवळ धातूला चिकटून जाणारा उजेड टाका. १० पट मोठं दाखवणारं भिंग लावा. पदक थोडंथोडं फिरवत पाच-सहा फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली दोन अक्षरं आली पाहिजेत. तरीही एखादा आकडा लागत नसेल तर पातळ ट्रेसिंग कागद कडेवर घट्ट धरून मऊ शिसपेन्सिल आडवी घासा. इंग्रजी आकड्यांत ३ आणि ८, १ आणि ७ ही नेहमीची गफलत. पाचपैकी चार पदकं एक सांगत असतील आणि पाचवं वेगळं, तर ती बहुधा ठसा मारणाऱ्याची किंवा यादी उतरवणाऱ्या कारकुनाची चूक. दोन्ही क्रमांक लिहून ठेवा, शोध मात्र चौघांच्या क्रमांकाने करा.

ब्रासो, चिंच, राख, टूथपेस्ट यातलं काहीही कडेला लावू नका. अक्षरं फार उथळ असतात. दोन-तीन पॉलिशमध्ये हुद्दा जातो, मग क्रमांक जातो, आणि त्या धातूच्या तुकड्याला माणसाशी जोडणारा एकमेव धागा संपतो.

संच एकाचाच का, याची तपासणी अशी:

हुद्दा बदललेला असणं हा दोष नाही. १९४४ मध्ये नाईक असलेला माणूस १९४६ मध्ये हवालदार असणं अगदी सरळ आहे. उलट हुद्दा मागे गेलेला दिसला तर सावध व्हा, पण तेव्हाही लगेच खोटं म्हणू नका. युद्धकाळात हंगामी बढत्या होत्या आणि त्या परतही घेतल्या जात.

क्रमांक तोच हवा. त्या काळचा क्रमांक रेजिमेंटपुरता असायचा, तेव्हा तोच आकडा जाट किंवा राजपूत रेजिमेंटमधल्या दुसऱ्या कुणाचाही असू शकतो. म्हणून शोधताना क्रमांक आणि रेजिमेंट ही जोडी कधी तोडू नका. जमादार (तेव्हाचा कनिष्ठ हिंदी अधिकारी) झाल्यावर क्रमांक बदलायचा आणि नव्या क्रमांकाबरोबर 'आय.ओ.' अशी अक्षरं यायची. त्यामुळे नाव तेच, रेजिमेंट तीच, क्रमांक वेगळा आणि हुद्दा जमादार असं कुठे दिसलं तर तो तुमचाच माणूस असण्याची शक्यता चांगली आहे.

आता जनरल सर्व्हिस मेडल. या संचात ते चांदीचं आणि सर्वांत जास्त किमतीचं, म्हणून नाव खोडून दुसरं कोरण्याचा मोह तिथेच होतो. त्याचा व्यास ३६ मिमी असतो. व्हर्नियर कॅलिपरने आडवा आणि दोन्ही तिरक्या दिशांनी मोजा. कानस फिरली असेल तर व्यास कुठेतरी मिलिमीटरच्या काही दशांशांनी कमी भरतो, कड मध्यभागी खोलगट किंवा गोलसर लागते आणि चेहऱ्याभोवतीची उंच धार एका बाजूला पातळ होते. अधिकृत नाव ठशाने दाबलेलं असतं, अक्षराचा तळ सपाट असतो. हाताने कोरलेल्या अक्षराचा तळ इंग्रजी व्हीसारखा टोकदार असतो आणि छिन्नीची चमक दिसते. भारतात ठसवलेली अक्षरं लंडनच्या अक्षरांपेक्षा वेगळ्या वळणाची असतात, थोडी वर-खालीही होतात. परदेशी कॅटलॉगमधल्या फोटोशी जुळत नाही म्हणून पदक खोटं ठरवू नका.

डिफेन्स मेडल मात्र या संचात बसत नाही. इंडिया सर्व्हिस मेडल हे हिंदी सैन्यातल्या तीन वर्षांच्या नोकरीबद्दल होतं आणि ज्याला डिफेन्स मेडल मिळालं त्याला ते मिळत नसे. म्हणजे दोन्ही एका छातीवर येऊ नयेत. त्यातून तुमचं डिफेन्स मेडल कोरं. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाची स्टार आणि पदकं नाव न घालता दिली गेली, हिंदी सैनिकांची सहसा नावानिशी होती. तेव्हा ते कोरं पदक पट्टी भरलेली दिसावी म्हणून कुणीतरी नंतर घातलं असणार. पट्टीवरून काढून फेकू नका. ते मूळचं नाही एवढी नोंद करून ठेवा. उरलेली पाच पदकं एकमेकांना घट्ट धरून आहेत.

कडवाचक

पलटणीबद्दल वेगळं लिहितो, कारण या संचाचं खरं सोनं तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर बटालियन सहसा नसते. पण तुमच्याकडे बर्मा स्टार आणि 'एस. ई. एशिया' क्लास्प ही जोडी आहे. ही क्लास्प दोनच मुलखांसाठी होती: जावा-सुमात्रा (आजचा इंडोनेशिया), ३ सप्टेंबर १९४५ ते ३० नोव्हेंबर १९४६, आणि फ्रेंच इंडोचायना, ३ सप्टेंबर १९४५ ते २८ जानेवारी १९४६. मलाया त्यात नाही. इंडोचायनात २०वी हिंदी डिव्हिजन गेली. जावात २३वी आणि मागून ५वी, सुमात्रात २६वी.

२३व्या डिव्हिजनच्या ४९व्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या: चौथी मराठा, सहावी मराठा आणि राजपुताना रायफल्सची पाचवी. म्हणून सर्वप्रथम तपासायच्या त्या ४/५ आणि ६/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी आणि सहावी पलटण. हीच डिव्हिजन १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत होती आणि ४/५ मराठा त्या मार्चमध्ये ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मणिपुरातल्या सांगशाकला लढली. नंतर डिव्हिजन विश्रांतीसाठी भारतात आली, सप्टेंबर १९४५ मध्ये मलायात उतरली, तिथून जावा. तुमच्या पाच पदकांचा क्रम या प्रवासाशी चोख जुळतो.

४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबर १९४५ ला सुराबायात उतरली. २८ ते ३० ऑक्टोबर या तीन दिवसांत शहरभर छोट्या तुकड्यांत विखुरलेल्या या जवानांवर हजारोंच्या जमावाने आणि सशस्त्र गटांनी हल्ले केले. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी ३० तारखेला मारले गेले. महायुद्ध 'संपल्यावर' मराठी मुलखातली माणसं दुसऱ्या एका देशाच्या स्वातंत्र्याच्या लढाईत सापडून मेली. आपल्याकडे याबद्दल फार कमी बोललं जातं. तुमचा हवालदार त्या शहरात असण्याची शक्यता चांगली आहे, पण क्लास्पवरून ते सिद्ध होत नाही. क्लास्प जावातल्या बटावियात (आजचं जकार्ता) पहारा करणाऱ्यालाही मिळाली, आणि १९४६ मध्ये भरती-तुकडीतून आलेल्यालाही.

तसंच बर्मा स्टार आहे म्हणून माणूस ब्रह्मदेशात गेलाच असं धरू नका. मणिपूरच्या लढाईतल्या जवानांनाही तोच स्टार आहे.

शीटरोल

कागदांचं मी सांगतो. लोक उलट्या क्रमाने जातात आणि थकतात, म्हणून क्रम महत्त्वाचा.

पहिलं काम पाच मिनिटांचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर क्रमांक टाका, नाव टाकू नका. सैन्य 'इंडियन' निवडा, रेजिमेंटमध्ये 'महरट्टा' जुन्या इंग्रजी स्पेलिंगने, म्हणजे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. तिथे फक्त मृतांची नोंद आहे, आणि दुसऱ्या महायुद्धासाठी मुदत ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत धरली जाते. त्यामुळे जावात गेलेले जीवही त्यात येतात. माणूस सापडला तर बऱ्याचदा बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव, जिल्हा मिळतो आणि निम्मं काम तिथेच होतं. नाही सापडला तर तो या मुदतीत सैन्यात मेला नाही असा अर्थ, 'असा माणूसच नव्हता' असा नव्हे. हवालदार हुद्द्याचं पदक आहे म्हणून जिवंत परतला असंही समजू नका. मृतांची पदकं घरी पाठवली जात.

दुसरं, शौर्यपदक किंवा 'मेन्शन' (युद्धाच्या अहवालात नावानिशी उल्लेख) मिळालं असेल तर लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. ते फुकट शोधता येतं. त्यामागच्या शिफारशी लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत आहेत, त्यात हिंदी सैन्याच्याही आहेत. प्रत ऑनलाइन उतरवून घेता येते. तुमच्या पट्टीवर शौर्यपदक नाही आणि साध्या मेन्शनच्या शिफारशी बहुतेक जपलेल्या नाहीत, तेव्हा यावर फार वेळ घालवू नका.

तिसरं, पलटणीची वॉर डायरी, म्हणजे रोजच्या हालचालींची नोंदवही. दक्षिण-पूर्व आशियातल्या तुकड्यांच्या डायऱ्या डब्ल्यूओ १७२ मालिकेत, दर पलटणीची दर वर्षाची वेगळी फाइल. मध्यपूर्वेसाठी १६९, इटलीसाठी १७०. तिथे स्वतः जाणारं कुणी ओळखीचं असेल तर वाचक-कार्ड काढून फाइलचे फोटो स्वतःच्या कॅमेऱ्याने फुकट घेता येतात, टपालाने प्रती मागवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. पण अपेक्षा योग्य ठेवा. डायरीत अधिकाऱ्यांची नावं येतात, जवानांची क्वचित, तीही मृत-जखमींच्या जोडपत्रात. डायरी तुम्हाला माणूस देत नाही. तो कुठल्या तारखेला कुठल्या गल्लीत होता ते देते, आणि तेही पलटण पक्की झाल्यावरच.

आता मुख्य गोष्ट: बेळगावी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस तिथे आहे. सगळेजण तिथे 'सर्व्हिस रेकॉर्ड द्या' असं मागतात आणि 'नष्ट केलं आहे' असं उत्तर घेऊन बसतात. हे उत्तर खरं असतं, पण अपुरं असतं.

प्रत्येक जवानाचा शीट रोल असायचा: बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, भरतीची तारीख, उंची, अंगावरच्या खुणा, वारस, बढत्या, बदल्या, मोहिमा, पदकं, नाव कमी होण्याचं कारण. पेन्शन न मिळालेल्या माणसांचे शीट रोल ठराविक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट केले जातात. पण लाँग रोल कायम ठेवला जातो. ते मोठं नोंदणीपुस्तक, माणसागणिक एक ओळ. त्यात सगळं नसतं, पण तुम्हाला हवं ते बहुतेक असतं.

तुमच्या संचात १९४७ चं इंडियन इंडिपेंडन्स मेडल नाही. संच पूर्ण असेल तर माणूस १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीच घरी गेला, म्हणजे १९४६-४७ च्या मोठ्या सैन्यकपातीत. पेन्शनला लागेल एवढी नोकरी बहुधा झाली नसावी. म्हणून शीट रोल गेला असं धरूनच चला आणि मागणीत लाँग रोल हे शब्द घाला.

आधी साधं पत्र पाठवा, सोबत कडेचे फोटो. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भारतीय सेना निवडा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, अर्जाची मर्यादा ३००० अक्षरं. मजकूर एवढाच पुरे:

'क्रमांक अमुक, हुद्दा नाईक/हवालदार, नाव अमुक, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, कालावधी अंदाजे १९४० ते १९४७. या व्यक्तीच्या लाँग रोलमधील नोंदीची प्रत द्यावी. शीट रोल उपलब्ध असल्यास त्याचीही प्रत द्यावी. शीट रोल नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची तारीख कळवावी.'

'का', 'कसं', 'मत द्यावे' असले प्रश्न घालू नका. ते 'माहिती' या व्याख्येत बसत नाहीत आणि सगळा अर्ज परत येतो.

'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' असं कारण देऊन नकार आला तर पहिल्या अपिलात कलम ८(३) दाखवा. २० वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दलची माहिती त्या सबबीखाली रोखता येत नाही. अपिलाची मुदत नकार हाती आल्यापासून ३० दिवस आहे, ती चुकवू नका.

ऐरोली_स्टेशन

धाग्यात घुसतोय, पण जवळचाच प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धाचं एकटं व्हिक्टरी मेडल आहे, कडेवर '११० महरट्टा एल.आय.' आणि नाव मुसलमान. विक्रेता 'कुतच्या (आजच्या इराकमधल्या) वेढ्यातलं' म्हणतो. आणि मराठा पलटणीत मुसलमान नाव कसं? कड बदलली असेल का?

कडवाचक

नावावरून शंका नको. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, ते अगदी नेहमीचं आहे.

कुतचा दावा मात्र तपासायला हवा. ११०वी पलटण खरंच सहाव्या पूना डिव्हिजनच्या १८व्या ब्रिगेडमध्ये होती आणि कुतच्या वेढ्यात सापडली. १०३री आणि ११७वीही तिथेच होत्या. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. आता तारखा बघा. वेढ्यात असलेला प्रत्येकजण ३१ डिसेंबर १९१५ च्या आत समुद्रापार गेलेला होता, म्हणजे त्याला १९१४-१५ स्टार मिळायलाच हवा. १९१४ चा स्टार नव्हे, तो फक्त फ्रान्स-बेल्जियमचा. तर कुतच्या माणसाचा पूर्ण संच म्हणजे १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल अशी तीन. फक्त शेवटची दोन मिळालेला माणूस १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेला, तो कुतमध्ये असू शकत नाही. तुमच्याकडे एकच आहे, त्यामुळे दोन्ही शक्यता उघड्या आहेत. विक्रेत्याने कुतचे पैसे मागितले तर स्टार दाखव म्हणा.

चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल का नाही, हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागत नाही. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव चढला तेव्हा ती पोत्यांनी वितळली. ब्राँझचं व्हिक्टरी मेडल वाचलं ते भंगारात किंमत नव्हती म्हणून.

१९२२ च्या पुनर्रचनेत ११०वी झाली ३/५ मराठा. बाकीच्या: १०३ची १/५, १०५ची २/५, ११६ची ४/५, ११७ची ५/५, आणि ११४ची १०/५ ही प्रशिक्षण पलटण. मेला असेल तर बसरा स्मारक पाहा, पण दगडावर शोधू नका. तिथे हिंदी जवानांची नावं कोरलेली नव्हती, रेजिमेंटखाली नुसती संख्या होती. नावं कमिशनच्या नोंदवहीत आहेत. पहिल्या महायुद्धासाठी त्यांची मुदत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत. क्यूच्या पदक-कार्डांत, म्हणजे डब्ल्यूओ ३७२ मध्ये, काही हिंदी जवान सापडतात, बहुतेक सापडत नाहीत. पंजाबच्या गावांच्या युद्ध-नोंदवह्या लाहोर संग्रहालयात होत्या, त्या आता ऑनलाइन आल्या आहेत. त्यांचा उल्लेख सगळीकडे दिसेल, पण आपल्या मुलखातली माणसं त्यात शोधू नका.

एक कायद्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धाची पदकं आता १०० वर्षांची झाली आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर बंदी आहे. परदेशी लिलावात टाकण्याचा कुणी सल्ला दिला तर आधी हे वाचा.

पितळी_बक्कल

कड पुन्हा पाहिली. वॉर मेडलवरचा वेगळा आकडा खरंच वेगळा ठसला आहे, बाकी चार एकसारखे. जनरल सर्व्हिस मेडल तिन्ही दिशांनी ३६ मिमी भरतं, अक्षरांचा तळ सपाट आहे. कमिशनच्या यादीत क्रमांक नाही, म्हणजे परत आला असावा. बेळगावीला लाँग रोलसाठी पत्र टाकतो.

समजा गाव मिळालं, तर पुढे काय? आणि आडनाव कडेवर ज्या स्पेलिंगने आहे, तसं आडनाव ऐकलेलंच नाही.

मौजे_बुद्रुक

स्पेलिंग मोठ्याने, सरळ वाचा. लिहिणारा कारकून बऱ्याचदा परभाषिक, सांगणारा पोरगा मालवणी किंवा सातारी, आणि मधे इंग्रजी. 'पवार'चं 'पोवार', 'सावंत'मधला 'व' कधी व्ही कधी डब्ल्यू, 'शिंदे'तला एच गळलेला, 'चव्हाण'चं 'चोवान'. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधव यांचंही आडनाव इंग्रजी नोंदींत 'जाधव' आणि 'जाधाओ' अशा दोन्ही रूपांत येतं. मग साध्या नाईकाचं काय! स्पेलिंगची चार-पाच रूपं कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक यादीत सगळी टाकून पाहा. बऱ्याच ठिकाणी पहिलं नाव आणि आडनाव एवढंच असतं, बापाचं नाव वेगळ्या रकान्यात, त्यामुळे मधलं नाव टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही.

गावाचं तसंच. नोंदीतला जिल्हा त्या काळचा आहे. 'रत्नागिरी' लिहिलं असेल तर आजचा सिंधुदुर्गही त्यात आला, तो १९८१ मध्ये वेगळा झाला. 'कोलाबा' म्हणजे आजचा रायगड. आजचा सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत दक्षिण सातारा होता, त्याआधीच्या नोंदीत त्यातली बरीच गावं साताऱ्यात आणि काही संस्थानांत. 'सावंतवाडी' किंवा 'कोल्हापूर' यांच्यापुढे 'स्टेट' असेल तर ते संस्थान समजा, शहर नव्हे. गावाच्या नावामागे इंग्रजी 'बी के' म्हणजे बुद्रुक आणि 'के एच' म्हणजे खुर्द. हे न कळल्याने लोक नदीच्या भलत्या काठावर चौकशी करत बसतात. आणि नोंद महसुली गावाची असते, वाडीची नसते. कोकणात एका मौजेत दहा-बारा वाड्या, तेव्हा आडनावावरून वाडी काढावी लागते.

काही गावांत चावडीला किंवा देवळाला संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. तुमच्या शोधाला ती पाटी थेट उपयोगी नाही, कारण ती पहिल्या युद्धाची आहे आणि तिच्यावर आकडे असतात, नावं नसतात. पण जिथे पाटी आहे तिथे माजी सैनिकांची वस्ती दाट आणि आठवण पक्की, हे नक्की.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक आणि विधवांची नोंदणी असते. त्यांच्याकडून पत्ता मागू नका, तो देणार नाहीत आणि देऊही नये. तुमचं पत्र आणि फोन नंबर कुटुंबापर्यंत पोचवाल का, एवढंच विचारा. गावात पोलीस पाटील किंवा माजी सैनिक संघटनेचा माणूस हाच योग्य दरवाजा. समाजमाध्यमांवर कडेचा फोटो टाकून 'ओळखता का' असं विचारू नका. चार जण नातू म्हणून पुढे येतात.

घरच्यांना विचारायच्या गोष्टी मोजक्या ठेवा. डिस्चार्ज बुक (नोकरी संपल्यावर मिळालेलं पुस्तक) आहे का, त्याचा फक्त फोटो मागा, मूळ वस्तू हातात घेऊ नका. फोटो असेल तर दंडावरच्या आणि खांद्यावरच्या खुणा दिसतील असा जवळून घ्या. २३व्या डिव्हिजनची खूण लढणारा लाल कोंबडा होती. दंडावर तो दिसला तर तुमचा सगळा तर्क एका फटक्यात पक्का होतो. म्हाताऱ्या माणसांना 'कुठली बटालियन' विचारून उपयोग नाही, 'कुठली पलटण म्हणायचे' असं विचारा. 'जंगी पलटण' म्हणाले तर पहिली, 'काळी पाचवी' म्हणाले तर दुसरी. तसं काही निघालं तर जावाचा तर्क पुन्हा तपासा. माणूस दुखापतीनंतर एका पलटणीतून दुसऱ्या पलटणीत पाठवला गेला असेल, हे सर्रास व्हायचं. आणि 'जावा', 'सुराबाया' ही नावं घरात कुणी उच्चारली का ते ऐका, पण स्वतः आधी सुचवू नका. सुचवलेली आठवण लगेच खरी होऊन बसते.

पदकं परत मागितली तर काय करायचं हे गावात पाऊल टाकण्याआधी ठरवा.

शीटरोल

वरच्यात एक भर. लाँग रोलच्या उत्तरात सात आकडी, २७ ने सुरू होणारा क्रमांक आला तर गोंधळू नका. तो मराठा लाइट इन्फंट्रीचा स्वातंत्र्यानंतरचा क्रमांक आहे. म्हणजे माणूस १९४७ नंतरही नोकरीत होता, इंडिपेंडन्स मेडल संचातून हरवलं आहे आणि पेन्शनची शक्यता वाढली. मग शीट रोलचा आग्रह धरा, तो शिल्लक असू शकतो. 'जेसी' अक्षरांचा क्रमांक आला तर तो पुढे जमादार किंवा सुभेदार झाला.

पत्रात वॉर मेडलवरचा चुकीचा क्रमांकही दुसरा पर्याय म्हणून लिहा. यादीत चूक पदकाआधीच झाली असेल तर रोलमध्येही तोच असेल.